पोपटाच्या चोचीला काम हवे

पाळलेला पोपट कधी कधी आपलीच पिसे आपल्या चोचीने उपटू लागतो. प्रथम छातीवरची दोनचार पिसे जातात. मग पोट, मांड्या आणि पंखांखालची बाजू उघडी पडत जाते. आणि काही महिन्यांत, डोके हिरवेगार व अंग मात्र सोललेले, असा तो पक्षी दिसू लागतो. पाहणाऱ्याला हे दृश्य सहन होत नाही. घरातील मंडळी आपापल्या परीने त्याचा अर्थ लावितात. कोणी म्हणतो, पोपट हट्टी झाला आहे. कोणी म्हणतो, त्याला दृष्ट लागली. कोणी म्हणतो, जोडीदार नाही म्हणून तो झुरतो आहे. आणि कोणी सरळ त्याला रागे भरतो. या सर्व निदानांत एक गोष्ट समान आहे. ती अशी की, चूक पोपटाची किंवा त्याच्या नशिबाची आहे, त्याला दिलेल्या दिनक्रमाची नव्हे.

या पुस्तिकेत आम्ही याच्या उलट बाजू मांडणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: जो पोपट पिसे उपटतो तो प्रथम रोगी समजून वैद्याला दाखविला पाहिजे, आणि वैद्याने शरीरात काही दोष नाही असे सांगितल्यावर, त्याच्या पिंजऱ्यातील रिकाम्या दिवसाकडे आपण पाहिले पाहिजे. निसर्गाने या पक्ष्याला चोच दिली ती दिवसभर राबण्यासाठी. ते काम आपण काढून घेतले, आणि चोच मात्र तशीच राहिली.

पिसांची निगा आणि पिसांचा नाश

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, चोचीने पिसे विंचरणे ही काही वाईट खोड नाही. ते प्रत्येक निरोगी पक्ष्याचे नित्यकर्म आहे. पिसाच्या मधोमध एक दांडा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंस बारीक तंतू असतात. आणि या तंतूंना त्याहूनही सूक्ष्म आकडे असून त्यांच्या योगाने ते एकमेकांत गुंतून राहतात. उडताना, भांडताना किंवा झाडीतून जाताना ही गुंफण उसवते. पक्षी चोचीतून पीस ओढून घेतो, तेव्हा ती पुन्हा जुळून येते. धूळ निघते, सुटलेली पिसे गळून पडतात आणि नव्या पिसांवरील कोषासारखे आवरण निघून जाते. पक्ष्याच्या अंगावरील पिसे म्हणजे एकाच वेळी त्याची रजई, त्याची छत्री आणि त्याचे विमान. त्यांची निगा राखण्यात तो रोज बराच वेळ घालवितो, यात नवल नाही.

पिसांची नियमित झड हीदेखील नैसर्गिक आहे. जुनी पिसे ठराविक काळाने गळतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. पिंजऱ्याच्या तळाशी पिसे दिसली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. झडतीत कातडी उघडी पडत नाही. पिसे थोडी थोडी व दोन्ही बाजूंनी सारखी जातात, आणि गळलेले पीस अखंड असते.

निगेचा अतिरेक याहून वेगळा असतो. पक्षी एकच जागा पुन्हा पुन्हा विंचरीत राहतो. पिसांची टोके कुरतडलेली, विसकटलेली दिसतात. दांडे अर्धवट तुटलेले असतात. त्यापुढची पायरी म्हणजे पीस मुळासकट उपटणे, आणि सर्वांत शेवटची व भयंकर पायरी म्हणजे कातडीच फाडणे. कुरतडलेले पीस आणि उपटलेले पीस यांत एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उपटलेल्या पिसाच्या जागी नवे पीस बहुधा लागलीच वाढू लागते. कुरतडलेल्या पिसाचा बुंधा मात्र कातडीत तसाच राहतो, म्हणून नव्या पिसाला पुढच्या झडतीपर्यंत वाट पाहावी लागते. यासाठी, उपाय सुरू केल्यावर पंधरा दिवसांत अंग भरले नाही म्हणून तो सोडून देणे, हे घाईचे होईल.

तथापि फार उशीर करणेही तितकेच घातक आहे. कातडीतील ज्या लहानशा पुटकातून पीस उगवते, ते वारंवारच्या ओरबाडण्याने कायमचे निकामी होते. मग त्या ठिकाणी कितीही उत्तम उपचार केले तरी पीस येत नाही. शिवाय खोड जितकी जुनी तितकी ती मोडणे कठीण. मूळ कारण नाहीसे झाल्यावरही ती मागे उरते.

आधी वैद्य, मग तर्क

पोपट पिसे उपटू लागला की "त्याला कंटाळा आला आहे" असे म्हणण्याची रीत आता सुशिक्षित घरांत पडली आहे. ही समजूत जुन्या समजुतींपेक्षा बरी खरी. परंतु तपासणीवाचून केलेले हेही एक अनुमानच होय. कातडीला खाज सुटली म्हणून ओरबाडणारा पक्षी आणि रिकामपणामुळे ओरबाडणारा पक्षी लांबून सारखेच दिसतात.

शारीरिक कारणे पुष्कळ आहेत. कातडीला जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्ग झालेला असतो. पिसांत उवा किंवा अतिसूक्ष्म किडे असतात. यकृत बिघडलेले असते. आतड्यांत परोपजीवी जंतू असतात. घरातील तंबाखूचा धूर व अतिकोरडी हवा यांनीही कातडी चुरचुरते. नव्या पिंजऱ्याच्या तारेला जस्ताचा मुलामा असतो. चोचीने तार कुरतडण्याची सवय असलेल्या पक्ष्याच्या पोटात ते जस्त जाऊन त्याला विषबाधा होऊ शकते. जुन्या रंगातील शिशाचेही तसेच.

आहार हे तर आपल्याकडील फार मोठे कारण आहे. सूर्यफुलाच्या बिया, भिजविलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि चहात बुडविलेले बिस्किट, एवढ्यावर कित्येक पोपटांचे आयुष्य जाते. केवळ बियांच्या आहारात मेद भरपूर असतो. पण अ जीवनसत्त्व व कॅल्शियम फार थोडे. अ जीवनसत्त्वाच्या अभावी कातडी व श्वसनमार्गाचे अस्तर दोन्ही बिघडतात. केराटिन नावाच्या ज्या प्रथिनाचे पीस बनते ते निकृष्ट अन्नातून चांगले कसे निर्माण व्हावे?

घरी करता येण्याजोगे एक साधे निरीक्षण मात्र अतिशय उपयोगी आहे. पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. म्हणून अंग उघडे व डोके पिसांनी भरलेले असेल, तर पिसे त्याने स्वतःच काढली आहेत असे समजावे. डोक्यावरचीही पिसे गेली असतील, तर एक तर पिंजऱ्यातील दुसरा पक्षी ती उपटीत असला पाहिजे, नाही तर पिसांच्या मुळावर हल्ला करणारा एखादा रोग असला पाहिजे. चोच व पिसे यांना विकृत करणारा विषाणूजन्य रोग पोपटांत सुप्रसिद्ध आहे, आणि तो एका पक्ष्यापासून दुसऱ्यास होतो. हे निरीक्षण लिहून घेऊन पशुवैद्याकडे जावे. शक्य तर पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. हळद, कडुनिंबाचे तेल, किंवा कोंबड्यांसाठी विकत मिळणारी कीडनाशक भुकटी यांचे प्रयोग करू नयेत. तेलाने पिसांची गुंफण चिकटून बसते व त्यांतील उबेचा थर नाहीसा होतो. आणि तेल लागलेली पिसे पक्षी अधिकच जोराने विंचरतो.

रानातील दिवस आणि पिंजऱ्यातील दिवस

आता असा पक्षी घेऊ की ज्याच्या शरीरात वैद्याला काहीही दोष आढळला नाही. येथून आमच्या मुख्य मुद्द्याला आरंभ होतो.

गळ्याभोवती कंठी असलेला आपला नेहमीचा हिरवा पोपट सकाळी थव्याने बाहेर पडतो. एका झाडावर अर्धवट पिकलेले फळ, दुसरीकडे शेंग, तिसरीकडे पळसाच्या किंवा सावरीच्या फुलातील मध, आणि शेतकऱ्याच्या दुर्दैवाने उभ्या पिकातील कणीस, असा त्याचा दिवस जातो. प्रत्येक घासाला काही खटपट असते. फळ पायात धरावे लागते. साल सोलावी लागते. बी फोडावी लागते. टरफल टाकून गर काढावा लागतो. संध्याकाळी शेकडोंच्या संख्येने ते एखाद्या मोठ्या झाडावर गोळा होतात, आणि तेथील गलबला दूरवर ऐकू येतो. वेस्ट इंडीजमधील पोर्टो रिको बेटावरच्या रानटी ॲमेझॉन पोपटांच्या निरीक्षणावरून असे दिसून आले की, ते दिवसाचे चार ते सहा तास अन्न शोधण्यात व खाण्यात घालवितात.

याच्या जोडीला पिंजऱ्यातील दिवस ठेवून पाहावा. वाटी भरलेली असते. त्यातील दाणे संपविण्यास तासभरही पुष्कळ होतो. उरलेल्या दहाअकरा तासांत त्याने काय करावयाचे? उडण्यास जागा नाही, सोलण्यास साल नाही, बोलण्यास सजातीय नाही. त्या पिंजऱ्यात चोचीत धरण्याजोगी, ओढण्याजोगी, फाडण्याजोगी एकच वस्तू नित्य उपलब्ध असते, आणि ती म्हणजे त्याचे स्वतःचे पीस.

ही केवळ कवीकल्पना नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत मीहान, मिलम व मेन्च या संशोधकांनी केलेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी नारिंगी पंखांच्या ॲमेझॉन जातीचे सोळा तरुण पोपट घेतले आणि त्यांचे दोन गट पाडले. नित्याचे अन्न दोन्ही गटांस सारखेच होते. परंतु एका गटाला, ज्यातून अन्न काढण्यासाठी कुरतडावे, चाळावे किंवा झाकण उघडावे लागेल अशा वस्तू आणि चढण्याझुलण्याची निरनिराळी साधने आळीपाळीने देण्यात आली; दुसऱ्याचे पिंजरे साधे ठेविले. अठ्ठेचाळीस आठवडे हा प्रयोग चालला. साध्या पिंजऱ्यांतील पोपटांची पिसे उत्तरोत्तर खराब होत गेली. काम असलेल्या पोपटांची चांगली राहिली. पुढे पहिल्यांना दुसऱ्यांसारखेच समृद्ध पिंजरे दिले, तेव्हा त्यांचीही पिसे सुधारू लागली. म्हणजे चोचीला काम दिल्याने ही विकृती टळते इतकेच नव्हे, तर जडलेली असल्यास कमीही होते.

याला पुष्टी देणारे दुसरे संशोधन २०२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आले. त्यात पन्नास जातींच्या एक हजाराहून अधिक पाळीव पोपटांची माहिती एकत्र करून तिची तुलना त्या त्या जातीच्या रानातील जीवनाशी करण्यात आली. निष्कर्ष लक्षणीय होता. ज्या जातींच्या नैसर्गिक अन्नाला खाण्यापूर्वी फोडणे, सोलणे, उलटसुलट करणे अशी खटपट लागते, त्या जातींत पिसे खराब करण्याची खोड अधिक आढळली. पिंजऱ्याचे गज चावणे, एकच हालचाल यंत्रासारखी करीत राहणे, अशा इतर विकृती मात्र शरीराच्या मानाने मोठा मेंदू असलेल्या जातींत अधिक दिसल्या. थोडक्यात, बुद्धीची उपासमार एका प्रकारे प्रकट होते आणि चोचीची उपासमार दुसऱ्या प्रकारे.

कुक्कुटपालन करणाऱ्यांना ही गोष्ट अपरिचित नसावी. पाय व चोच यांनी उकरण्यास भुसा किंवा माती नसली की कोंबड्या एकमेकींची पिसे टोचू लागतात. एकटा पोपट टोचणार कोणाला? तो स्वतःलाच टोचतो.

काही आक्षेप

यावर कोणी म्हणेल की, आमच्या पोपटाला काही कमी नाही. तो बदाम खातो, मुलांच्या खांद्यावर बसतो, पाहुण्यांना "मिठू मिठू" म्हणून दाखवितो. हे प्रेम खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु सोललेला बदाम वाटीत ठेवणे हे प्रेम असले तरी काम नव्हे. अन्नाचे पोषण आणि अन्न मिळविण्याचे श्रम या पक्ष्याच्या दोन वेगळ्या गरजा आहेत. एक भागविल्याने दुसरी भागत नाही. आफ्रिकी करडे पोपट व इतर अनेक प्राणी, आयते अन्न समोर असतानाही, खटपट करून मिळणारे अन्न काही प्रमाणात पसंत करितात असे प्रयोगांत दिसले आहे. आणि पोपटाच्या बुद्धीविषयी बोलावयाचे तर, अमेरिकेतील आयरीन पेपरबर्ग यांच्या ॲलेक्स नावाच्या करड्या पोपटाचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. २००७ मध्ये मरण पावण्यापूर्वी तीस वर्षांच्या शिक्षणात तो वस्तूंचे रंग, आकार व सहापर्यंतची संख्या विचारल्याप्रमाणे सांगू लागला होता. अर्थशून्य बोलण्याला आपण पोपटपंची म्हणतो, तो शब्द या पक्ष्याला फारसा न्याय देणारा नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेजारच्या घरी तसाच पिंजरा व तसाच आहार असून तेथील पोपटाची पिसे शाबूत आहेत, मग दोष दिनक्रमाचा कसा? याचे उत्तर असे की, एकाच हवेत सर्वांना सारखीच सर्दी होत नाही. डेव्हिस येथीलच, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या खोडीकडे असलेला कल बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्याचे दिसून आले. त्याच अभ्यासात असेही आढळले की, ज्यांच्या पिंजऱ्यातून खोलीचे दार थेट दिसे त्या पोपटांत पिसे उपटण्याचे प्रमाण अधिक होते. कोण केव्हा आत येईल याची सततची धास्ती हे त्याचे कारण असणे शक्य आहे. काही पक्षी जन्मतःच नाजूक असतात. परंतु नाजूकपणाचे रूपांतर विकृतीत होणे न होणे हे पुष्कळसे परिस्थितीवर अवलंबून असते. शिवाय शेजारच्या पोपटाची पिसे शाबूत आहेत म्हणून तो सुखी आहे, असेही सिद्ध होत नाही.

काय करू नये

पोपटाने पीस ओढताच ओरडून त्याच्याकडे धावू नये. एकट्या पक्ष्याला माणसाचे लक्ष हेच बक्षीस वाटते. ते पीस ओढल्यावर हटकून मिळते असे त्याच्या ध्यानी आले की तो अधिकच ओढील. शिक्षा तर मुळीच करू नये. तिने भीती वाढते, आणि भीतीने खोड वाढते.

चोच अंगापर्यंत पोचू नये म्हणून गळ्याभोवती बसविलेला रुंद पट्टा जखम भरून येईपर्यंत पशुवैद्याच्या सल्ल्याने वापरावा लागतो. तो जीव वाचवितो, आणि तेवढ्यापुरता तो योग्यच आहे. परंतु तोच उपचार समजून महिनोन्महिने ठेवणे म्हणजे, ज्या चोचीला काम नव्हते तिला बेडीही घालणे होय. औषधांचेही तसेच. क्लोमिप्रामीन नावाच्या औषधाची काकाकुव्यांवर केलेली चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याने काही पक्ष्यांना गुण आल्याचे दिसले. कठीण प्रसंगी पशुवैद्य अशी औषधे देतात. तथापि रिकामा पिंजरा तसाच ठेवून केवळ औषधाने सुधारणा टिकेल अशी आशा धरणे योग्य नाही.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. पक्ष्याची दया येऊन किंवा पुण्य लाभेल या भावनेने अशा पोपटाला एकाएकी पिंजऱ्याबाहेर सोडून देऊ नये. ज्याच्या पंखांत पिसे नाहीत, ज्याने अन्न शोधणे कधी शिकले नाही, शत्रू कोण हे ज्याला ठाऊक नाही, त्याला उघड्यावर सोडणे ही मुक्ती नव्हे. घार, मांजर किंवा थंडी यांपैकी कोणीतरी त्याचा शेवट करील. परदेशी जातीचा पक्षी असेल तर येथील पक्ष्यांत नवे रोग पसरण्याचाही धोका असतो.

काय करावे

चोचीला काम देण्यासाठी पैसा फारसा लागत नाही. रोज थोडा विचार लागतो. दाण्यांची वाटी भरून ठेवण्याऐवजी त्यातील काही भाग कागदाच्या पुडीत बांधावा, द्रोणात घालून वर दुसरा द्रोण उपडा घालावा, किंवा भोक पाडलेल्या करवंटीत ठेवावा. मक्याचे किंवा बाजरीचे अख्खे कणीस टांगावे. मटाराच्या शेंगा न सोलता द्याव्या. औषध न फवारलेली पेरूची किंवा कडुनिंबाची पानांसकट डहाळी पिंजऱ्यात खोचावी. साल काढण्यात तो कित्येक वेळ रमून जाईल. आरंभी पुडी सैल व सोपी असावी. नाही तर ज्याने जन्मभर वाटीतून खाल्ले तो तिच्याकडे पाहून घाबरेल, कदाचित उपाशीही राहील. जमू लागले की हळूहळू काम कठीण करावे आणि वस्तू बदलत्या ठेवाव्या. रोजचे तेच कोडे कोडे राहत नाही. सुटे धागे लोंबतील असे दोर मात्र घालू नयेत, कारण त्यांत पाय किंवा मान अडकते.

आहारात बियांचे प्रमाण कमी करून पालेभाजी, गाजर, भोपळा, पेरू, पपई यांची भर घालावी. बदल एकदम न करता काही आठवड्यांत करावा. ॲव्होकॅडो व चॉकलेट पोपटाला विषारी असतात. रोज किंवा दिवसाआड सकाळी उथळ पाण्यात आंघोळ करू द्यावी किंवा अंगावर बारीक तुषार उडवावे. रात्री दहा ते बारा तास अंधार व शांतता हवी. मध्यरात्रीपर्यंत दिवा व करमणुकीचा गोंगाट चालणाऱ्या दिवाणखान्यात त्याची झोप पुरी होत नाही. पिंजरा पंख पुरते पसरता येतील इतका मोठा असावा, त्याची एक बाजू भिंतीला लागलेली असावी, म्हणजे पाठीमागून कोणी येईल ही धास्ती राहत नाही. आणि दार समोरच दिसत असेल तर जागा बदलून पाहावी. दिवसातून काही काळ, पंखा बंद करून व खिडक्या लावून, त्याला खोलीत मोकळे सोडावे.

एक वही ठेवावी, अशी आमची विशेष शिफारस आहे. पिसे कोणत्या वेळी, कोणत्या जागेची व कोणत्या प्रसंगानंतर उपटली गेली हे रोज लिहावे. महिन्याभरात त्यातून बहुधा काही क्रम दिसू लागतो: घर रिकामे झाल्यावर, विणीच्या ऋतूत, किंवा बांधकामाचा आवाज सुरू झाल्यापासून. पशुवैद्याला अशा वहीचा उपयोग कित्येकदा तर्कापेक्षा अधिक होतो. शाळेच्या प्राणिकोपऱ्यात किंवा गावातील कोणाच्या घरी असा पक्षी असल्यास, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हे काम जरूर करवून घ्यावे. निरीक्षण म्हणजे काय हे त्यातून शिकता येईल, आणि पक्ष्याचेही हित होईल.

मुळाशी असलेला प्रश्न

येथवर जे सांगितले ते पोपट घरात आहे असे गृहीत धरून सांगितले. पण तो घरात असावाच काय, हा प्रश्न टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आपल्या देशातील सर्व जातींचे रानटी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे व पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. तरी बाजारात ढोलीतून काढलेली पिल्ले येतच असतात, आणि घेणाऱ्याला आपण काही गैर करीत आहोत असे वाटत नाही, इतकी ही प्रथा जुनी आहे. ज्यांच्याकडे असा पोपट आधीपासून आहे त्यांनी तो लपवूही नये व सोडूनही देऊ नये. वनविभागाला कळवून, तो जेथे नीट सांभाळला जाईल अशा ठिकाणी द्यावा. परदेशी पोपटांची गोष्ट निराळी आहे. ते पाळता येतात. परंतु २०२२ ची कायद्यातील दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची नोंदणी करावी लागते. पिसे उपटण्यात जो सर्वांत कुप्रसिद्ध, त्या आफ्रिकी करड्या पोपटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६ मध्ये जोहान्सबर्ग येथे भरलेल्या परिषदेने सर्वांत कडक निर्बंध घातले. त्याला कारण रानातील त्याची झपाट्याने घटणारी संख्या.

कायदा जेथे परवानगी देतो तेथेही विवेकाचा प्रश्न उरतोच. करडा पोपट नीट सांभाळल्यास चाळीस वर्षे व त्याहून अधिक जगू शकतो. इतका काळ दररोज त्याला काम, सोबत व उडण्यास जागा देऊ शकतील अशी घरे किती? ज्याला हे शक्य आहे त्याने जरूर विचार करावा. ज्याला शक्य नाही त्याने अंगणात पेरूचे एक झाड लावावे आणि त्यावरची काही फळे पोपटांसाठी सोडावीत. पोपट पाहण्याचा आनंद त्यातही आहे, आणि त्या पोपटाची पिसे कोणालाही मोजावी लागत नाहीत.

आपल्या तत्त्वज्ञांनी शुकनलिकान्याय म्हणून एक दृष्टांत वापरला आहे. फिरत्या नळीवर बसलेला पोपट नळी उलटताच खाली डोके करून लोंबकळू लागतो, आणि कोणी बांधलेले नसतानाही आपण बांधले गेलो असे समजून नळी घट्ट धरून ठेवितो. मनुष्याच्या भ्रमाला हा दृष्टांत उत्तम लागू पडतो. पिंजऱ्यातील पोपटाला मात्र तो लागू नाही. त्याचे बंधन भ्रमाचे नाही. ते खरोखरीच्या तारेचे आहे आणि ती तार आपण ओढलेली आहे. म्हणून त्याच्या उघड्या पडलेल्या छातीचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधून चालणार नाही. वैद्याने आपले काम केल्यावर उरलेले काम पाळणाऱ्याचे आहे, आणि ते दररोजचे आहे.